गर्दीतली माणसे आणि कोरा रकाना

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहावर अधूनमधून एक संदेश येतो. 'हिंदी मालिकेतील लग्नाच्या सीनसाठी ५० ते ७० वयाची, चांगल्या घरची दिसणारी जोडपी हवीत. साडी, शेरवानी स्वतःची. बस, चहा, नाश्ता, जेवण मिळेल. मानधन मिळेल.' खाली कोऑर्डिनेटरचा नंबर. असा संदेश आला की समूहावर हसू उमटते, कुणी अंगठा दाखवते, कुणी 'काका, तुम्ही जाच' म्हणून आग्रह करते. आम्ही उभयता आणि मंडळातली आणखी दोन जोडपी अशाच एका आग्रहाला बळी पडून दोनदा जाऊन आलो. त्या अनुभवावरून, आणि गेल्या वर्षभरात या क्षेत्रात जे घडले त्यावरून, सभासदांपुढे काही गोष्टी मांडाव्यात असे वाटले.

आधी हे काम आपल्या हैदराबादेत आपल्या दारापर्यंत कसे आले ते पाहू. तेलुगू सिनेमा आणि मालिकांची चित्रीकरणे इथे नेहमीचीच. रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून आहे आणि हिंदी चित्रपटांनाही ती नवी नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरणे बंद झाली, तेव्हा मुंबईच्या कितीतरी हिंदी-मराठी मालिका रातोरात गोवा, गुजरात आणि हैदराबादकडे वळल्या. पुढे मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या मागे घेतल्या. मुख्य कलाकार विमानाने येतात, पण लग्नातले पाहुणे, देवळातले भाविक, कोर्टातले बघे मुंबईहून कोण आणणार? ती माणसे गावातलीच लागतात. हिंदी समजणारी, साडी नीट नेसणारी, कॅमेऱ्यापुढे न बावचळणारी मध्यमवर्गीय माणसे हवीत म्हटल्यावर कोऑर्डिनेटरांना मराठी, गुजराती, मारवाडी मंडळांची आठवण होणे साहजिक होते.

आता सेटवर काय असते ते सांगतो. पहाटे सहाला काचीगुड्याहून बस निघाली. शहराबाहेरच्या त्या सेटवर पोहोचताच साड्यांची तपासणी झाली. पांढरा रंग नको, बारीक चौकडी नको, कारण ती पडद्यावर थरथरते. सौंच्या हातातली पर्स 'श्रीमंत घरातली वाटत नाही' म्हणून बदलली गेली. मग आम्ही मांडवात बसलो ते बसलोच. नायिकेने वरमाला हातात घेऊन थबकायचे, एवढाच प्रसंग, पण तो समोरून, बाजूने, वरून, नायकाच्या खांद्यावरून असा टिपेपर्यंत चार तास गेले. आम्ही आपसात बोलत आहोत असे दाखवायचे, पण ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. आवाजाचा त्रास नको म्हणून शॉटच्या वेळी एसी आणि पंखे बंद. ताटातले लाडू प्लास्टिकचे. जेवणानंतर पुन्हा त्याच खुर्चीवर, त्याच बाजूला मान करून बसायचे, कारण कंटिन्यूटी. रात्री साडेआठला पॅकअप झाले. महिन्याभराने तो भाग लागला तेव्हा नातवंडांसह अठरा माणसे टीव्हीपुढे बसली होती. आम्ही कुठेच नव्हतो. सौंचा डावा खांदा मात्र सुमारे चार सेकंद स्पष्ट दिसला, आणि त्याला टाळ्याही पडल्या.

इथपर्यंत सगळी मौज. पण आमच्या मागच्या रांगेत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. वीस वर्षे हेच काम करत असल्याचे त्यांनी सांगितले. राहायला कृष्णा नगरला. हैदराबादकरांना सांगायला नको, सिनेमाच्या आशेने आलेली आणि गर्दीत उभे राहून पोट भरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागात राहतात. दुपारी जेवणाच्या रांगेत आम्हाला पुढे घेतले गेले, त्यांना नंतर. आम्ही कसेबसे 'हे बरोबर नाही' म्हणालो, तर त्या हसून म्हणाल्या, 'तुम लोगां शौक से आते साब, हमारा तो चूल्हा इसीच से जलता.'

आम्ही निरुत्तर झालो. कारण त्या दिवशी त्या मांडवात त्यांच्यासारख्या आणखी दहा-बारा जणींना काम मिळू शकले असते. ते मिळाले नाही, कारण आम्ही सहा-सात घरची माणसे स्वतःच्या पैठण्या नेसून, स्वतःचे दागिने घालून, मिळेल त्या पैशात हौसेने आलो होतो.

रात्री पैसे वाटताना दुसरी गोष्ट घडली, आणि तिची आम्हाला आजही लाज वाटते. कोऑर्डिनेटरच्या माणसाने वही पुढे केली. नाव, फोन नंबर, सही असे रकाने होते, आणि रकमेचा रकाना कोरा होता. आमच्या हातात ७०० रुपयांचे पाकीट होते. 'रक्कम लिहा' म्हटल्यावर उत्तर आले, 'अंकल, सबका ऐसाच होता, बस छूट जाएगी.' छत्तीस वर्षे बँकेत काढली. कोऱ्या व्हाउचरवर सही घेणाऱ्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत साऱ्यांना आम्ही फैलावर घेतले होते. आणि त्या रात्री दमलेलो असल्याने, बस सुटेल म्हणून, सही करून मोकळे झालो. त्या रकान्यात नंतर कोणता आकडा भरला गेला कोण जाणे. मागच्या रांगेतल्या बाईंच्या हातात पाकीटही नव्हते. त्यांचे पैसे 'महिन्या-दोन महिन्यांनी एकदम' येणार होते.

दुसऱ्या वेळी आमच्यातल्या एका वहिनींचा पाय जमिनीवरच्या केबलमध्ये अडकला आणि मनगट मोडले. सेटवरच्यांनी रिक्षा करून दिली, पाचशे रुपये हातावर ठेवले. प्लास्टरचा आणि फिजिओथेरपीचा खर्च घरच्यांनी केला. तक्रार करावी तर कुणाकडे? वहिनी त्या दिवशी सेटवर होत्या याचा एकही कागद नव्हता.

आता घडामोडींकडे वळू. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलुगू चित्रपट कामगारांच्या फेडरेशनने ३० टक्के वेतनवाढीसाठी संप केला. ४ ऑगस्टला सुरू झालेला संप २१ ऑगस्टला सरकारच्या मध्यस्थीने मिटला. दिवसाला २,००० रुपयांपर्यंत मिळवणाऱ्यांना तीन वर्षांत मिळून २२.५ टक्के वाढ ठरली, त्यातली १५ टक्के पहिल्याच वर्षी. हा संप सिनेमाचा होता, मालिकांचा नव्हे. पण त्यात निर्मात्यांच्या बाजूने पुढे आलेला एक मुद्दा आपल्याशी थेट संबंधित आहे, तो म्हणजे संघटनेबाहेरची माणसे घेण्याचे स्वातंत्र्य. निर्मात्यांची अडचण आम्ही समजू शकतो. संघटनांची सभासदत्वाची फी आणि अटी नव्या माणसाला जाचक वाटतात हेही खरे. पण संघटनेबाहेरचा माणूस म्हणजे कोण, असा प्रश्न गर्दीच्या कामात विचारला तर त्याचे एक उत्तर आरशात दिसते. तो आम्हीच.

दुसरी घडामोड कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या केंद्रीय कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. चित्रपट कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता, पण तो कथाचित्रपटांपुरता. मालिकांच्या सेटवरचा माणूस त्यात बसत नव्हता. नव्या संहितेत दृक्‌श्राव्य कामगार अशी व्याख्या आहे. तिच्यात टीव्ही, वेब मालिका, रिअॅलिटी शो, जाहिराती असे सगळे येते, आणि कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूसही येतो. अशा कामगाराशी लेखी करार हवा, आणि त्यात कामाचे स्वरूप, वेतन, तास, सुरक्षितता यांचा उल्लेख हवा, असे संहिता म्हणते. वेतनाची एक कमाल मर्यादा केंद्राने ठरवायची आहे, पण दिवसाला काही शे रुपये मिळवणाऱ्याला तिची चिंता नसावी.

त्याहून महत्त्वाचे कलम वेतन संहितेत आहे. रोजंदारीवरच्या माणसाचे वेतन पाळी संपतानाच द्यायचे. महिन्याने नाही, भाग प्रसारित झाल्यावर नाही. जादा तासांना दुप्पट दर. कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ज्याची आस्थापना आहे त्याच्यावर जबाबदारी येते, आणि हक्क सांगायला तीन वर्षांची मुदत आहे. मालिकांच्या धंद्यात मोठ्या कलाकारांनाही पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. तिथे गर्दीतल्या माणसाला त्याच संध्याकाळी पैसे मिळावेत, असे कायदा म्हणतो.

कायदा छापला म्हणजे अमलात आला असे नाही, हे बँकेत काढलेल्या वर्षांनी आम्हाला शिकवले आहे. राज्यांचे नियम, तपासणारे अधिकारी, तक्रार करण्याची हिंमत असे सगळे लागते. मागच्या रांगेतल्या बाईंनी करार मागितला तर उद्यापासून त्यांना बसमध्ये घेणार नाहीत. आम्ही मागितला तर फार तर आमची हौस जाईल. कागद कुणी आधी मागायचा, याचे उत्तर त्यातच आहे.

तिसरी घडामोड यंत्राची. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'महाभारत : एक धर्मयुद्ध' ही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली मालिका आली. तिच्यातल्या सैन्याला चहा, बस आणि जेवण लागले नाही. १९८७ मध्ये उंबरगावला 'रामायण'चे चित्रीकरण होत होते, तेव्हा वानरसेनेला खरी माणसे लागत होती. अमेरिकेत २०२३ साली कलाकारांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप केला, त्यात हाही वाद होता की गर्दीतल्या माणसाचे शरीर एकदा स्कॅन करून पुढे त्याच्याशिवाय वापरायचे का. शेवटी संमती आणि मोबदल्याशिवाय तसे करता येणार नाही असे ठरले. आपल्याकडे कोऱ्या रकान्यावर सही घेतली जाते तिथे उद्या चेहऱ्याची संमतीही त्याच सहीत घेतली गेली तर कुणाला कळणार?

यावर 'मग ज्येष्ठांनी जाऊच नये का?' असे कुणी विचारील. तसे आमचे म्हणणे नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने पासष्टीपुढच्यांना सेटवर बंदी केली होती. छोट्या भूमिका करून पोट भरणारे सत्तरीतले एक अभिनेते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. वय झाले म्हणून काम करण्याचा हक्क जात नाही. हौसही वाईट नाही. निवृत्तीनंतर दिवस मोकळे असतात, पेन्शन वेळेवर येते, आणि कुणीतरी आपल्याला 'फ्रेममध्ये या' म्हणते याचे अप्रूप आम्हालाही वाटले. अट इतकीच की आपल्या हौसेने दुसऱ्याचा दर पडू नये.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आमची विनंती अशी. असा संदेश समूहावर टाकण्यापूर्वी कोऑर्डिनेटरला काही प्रश्न लेखी विचारावेत. निर्माता कोण? दिवसाचा दर किती, आणि तो इतर ज्युनियर आर्टिस्टांना मिळतो तेवढाच आहे का? तास किती, पैसे कधी? दुखापत झाली तर खर्च कोण करणार? चेहऱ्याचे स्कॅनिंग होणार का? उत्तर आले नाही तर संदेश टाकू नये. नोंदणी फी किंवा 'कार्ड'च्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर तो नंबर सरळ ब्लॉक करावा. आधारची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून द्यावी. आणि काहीही झाले तरी रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नये. आमच्याकडून घडले ते तुमच्याकडून घडू नये.

मागच्या महिन्यात पुन्हा एक संदेश आला. आम्ही वरचे प्रश्न त्या नंबरवर पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले, 'अंकल, आप रहने दो.' सौ म्हणाल्या, 'गेली आपली शूटिंग.' गेली खरी. त्या खुर्चीवर त्या दिवशी कृष्णा नगरचे कुणी बसले असेल, आणि त्याच्या वहीतला रकाना बहुधा कोराच राहिला असेल. पण हे प्रश्न एका घरातून न जाता मंडळाच्या लेटरहेडवर, आणि आपल्याबरोबर शहरातल्या गुजराती, मारवाडी, बंगाली मंडळांकडूनही गेले, तर कोऑर्डिनेटर किती जणांना 'रहने दो' म्हणणार? येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असे पत्र आम्ही चिटणीसांना दिले आहे. सभासदांनी त्या दिवशी आवर्जून यावे आणि आपले अनुभव, विशेषतः न मिळालेल्या पैशांचे, सांगावेत.