प्रभागांच्या रेषा सत्तेच्या हाती नकोत

‘प्रभागरचना लोकप्रतिनिधींकडेच हवी’ हे पत्र वाचले. लोकांनी निवडून दिलेल्यांनाच सीमा ठरवू द्याव्यात, आयोग कोणालाच उत्तरदायी नसतो, हा पत्रलेखकाचा मुद्दा पटत नाही.

लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ आखणाऱ्या परिसीमन आयोगाच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. २००२ च्या कायद्यानुसार खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून मत मांडू शकतात, मतदान मात्र करू शकत नाहीत. मसुदा प्रसिद्ध होतो, जाहीर बैठकांत हरकती ऐकल्या जातात. यापेक्षा वेगळे उत्तरदायित्व ते कोणते?

उलट मुंबई महापालिकेचे पाहा. २०२१ च्या अखेरीस प्रभाग २२७ वरून २३६ करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये सत्तापालट होताच ते पुन्हा २२७ झाले. मार्च २०२२ मध्ये तर विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, तेही एकमताने. म्हणजे दोष एका पक्षाचा नाही.

ज्याला परीक्षेला बसायचे, त्यानेच प्रश्नपत्रिका काढू नये. खासदार-आमदारांना लागू असलेला हा न्याय नगरसेवकांनाही लावा. प्रभागरचनेसाठी राज्यात स्वतंत्र, कायमस्वरूपी आयोग हवाच.

— एक मतदार, दादर, मुंबई