फ्रीज बिघडला की आपली सवय?



मे महिन्यात मूर्तिजापुरात पारा ४५ च्या आसपास गेला आणि आमचा फ्रीज गार करेनासा झाला. दूध नासलं. मेकॅनिक दोन दिवस येणार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आधी मागे तर बघ."

फ्रीज भिंतीला चिकटलेला, जाळीवर धुळीचा थर. फ्रीज थंडी बनवत नाही, आतली उष्णता बाहेर टाकतो. तिला वाटच नसेल तर तो काय करणार? प्लग काढला, मुंग्या-झुरळं नाहीत ना ते पाहून मऊ ब्रशने धूळ झाडली, वीतभर जागा सोडली. दारात कागद धरून पाहिला तर सहज निघाला. रबर कोमट पाण्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पाणी गार! एवढ्यानेही झालं नसतं, तर गॅस गळती वगैरे मेकॅनिकचंच काम.

परदेशातल्या फिरत्या गाडीघरांत कॉम्प्रेसरशिवाय, गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रीज असतो. गाडी तिरकी उभी राहिली तरी तो नीट गार करत नाही. तिथेही आधी ठेवण बघायची.

मग मी आतले कप्पे पाहिले. कालची भाजी, परवाची कणीक. ठासून भरल्यावर हवा फिरणार कुठून? आणि बासी आपण वर्ज्य मानतो, मग हे डबे कोणासाठी?

फ्रीजमुळे अन्नाची मर्यादा वाढत नाही, असं माझं ठाम मत आहे. मोजकं रांधावं, उरलंच तर सूर्यास्ताआधी कुणाच्या तरी ताटात जावं.