वुजूचे पाणी कुठे जाते?

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही सुदुंबऱ्याला आपांकडे गेलो होतो. मावळातले हे गाव सुधा नदीच्या काठचे. ही नदी पुढे इंद्रायणीला मिळते. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले त्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी याच गावात आहे. संताजी म्हणजे घाण्यावर तेल गाळणारे. गावात कुणीही असो, ही गोष्ट अभिमानाने सांगतो.

दुपारी जेवणे झाली आणि आपांच्या सुनेने कढईतले उरलेले तेल मोरीत ओतले. तळून तळून काळे झालेले, दोन वाट्या असेल. ओसरीवर दादी तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "बेटा, हे जातं कुठं?"

"गटारात, दादी."

"आणि गटार?"

सून गप्प झाली. आम्हीही गप्पच बसलो, कारण पुण्याच्या घरी आम्ही तेच करतो.

दादींच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गटार ओढ्याला जाते, ओढा नदीला आणि नदी देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेत. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, तेव्हा ती स्वच्छ असते. मग वाटेत शहरे लागतात, कारखाने लागतात, आपल्यासारख्यांची घरे लागतात. आळंदीला गेल्या काही वर्षांत वारंवार नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसला, ऐन वारीच्या दिवसांतसुद्धा. साबण आणि धुण्याची पावडर मिसळलेले सांडपाणी बंधाऱ्यावरून कोसळले की असा फेस उठतो. त्याच सांडपाण्यातल्या फॉस्फेट आणि नत्रावर जलपर्णी पोसते. ती पाण्यावर गालिच्यासारखी पसरते, खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. तेलाचा तवंगही हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळू देत नाही.

कुणी म्हणेल, कारखाने सोडून आमच्या मोरीकडे काय बघता? प्रश्न रास्त आहे. कारखान्याचे रासायनिक पाणी रोखणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेतलेच पाहिजे. पण फेसाचा साबण आपल्या न्हाणीघरातून जातो, हेही तितकेच खरे.

या नदीकाठी आपल्या समाजाचे आणखी एक दुखणे आहे, ते टाळून पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. त्यात आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची रोजी गेली. या माणसांचे आणि त्यांच्या कामगारांचे पुढे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. भंगारवाला शहराचा कचरा उचलतो, लोखंड आणि प्लास्टिक पुन्हा वापरात आणतो. खरे तर तो पर्यावरणाचा मित्र. पण उघड्यावर रबर जाळायचे, रसायनाचे पिंप धुऊन पाणी नाल्यात सोडायचे, हे जिथे जिथे होते तिथे त्याच धंद्याची बरकत जाते. त्या धुरात पहिला श्वास आपल्याच मुलांचा असतो. अधिकृत जागा आणि सांडपाण्याची सोय मागणे हा आपला हक्क आहे. ती मागताना आपले हात स्वच्छ असले तर मागणीला वजन येते.

त्याच वर्षी 17 मे रोजी त्याच चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि तो सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. आयुष्याची पुंजी घालून बांधलेली घरे एका दिवसात गेली. आज मावळात गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधायची घाई चालली आहे. वाचकहो, नदी-ओढ्याजवळचा तुकडा घेण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका.

आता घरापुरते बोलू. तळणीचे तेल थंड करून राखेत किंवा रद्दीत जिरवा आणि कचऱ्यात द्या, मोरीत नको. धुण्याची पावडर निम्मी केली तरी कपडे निघतात, करून बघा. गावात घर असेल तर शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे संपवली आणि त्याबरोबर डासही. बकरी ईदला आतडी, रक्त, कातड्याचे तुकडे ओढ्यात टाकणे बंद करा. खोल खड्डा, वर चुना आणि माती, एवढे पुरते.

आणि मशीद. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकली. प्यारे नबी (स.) लिटरभराच्या आत वुजू करत. आपण नळ सोडतो आणि तोंड, हात, पाय होईपर्यंत तो वाहतच राहतो. वुजूच्या या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी पाइप टाकून झाडांना किंवा शोषखड्ड्यात वळवता येते. खर्च फार नाही. एका जुम्याला नमाजनंतर विषय काढला तर महिन्याभरात काम होते. जमातीतल्या तरुणांनी हे मनावर घ्यावे.

निघताना आपांची सून दाराशी आली. मोरीजवळ तिने एक जुना डबा ठेवला होता, झाकणासकट. "दादींनी ठेवायला लावला," ती हसून म्हणाली. "तेल आता यात."

आम्ही घरी आल्यावर तसाच डबा ठेवला आहे. आपल्या घरातले पाणी कुठे जाते, हे तुम्हीही एकदा शोधा. आणि वुजूचे पाणी झाडांना देणारी मशीद तुमच्या गावात असेल, तर ती कशी झाली ते आम्हाला जरूर कळवा.