अणू, रेणू आणि नावांचा घोटाळा

इंदूर किंवा बडोदे येथील मराठी विद्यार्थी शाळेत ‘अणु’ हा शब्द शिकतो आणि ग्रंथालयातील मराठी पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ त्याला निराळा आढळतो. हिंदी व गुजराती पुस्तकांत मूलद्रव्याच्या मूळ कणास ‘परमाणु’ आणि अशा कणांच्या संयोगाने होणाऱ्या कणास ‘अणु’ म्हणतात. मराठीत पहिला अणू व दुसरा रेणू होय. शब्द एक, वस्तू दोन. मग घोटाळा व्हावा यात नवल ते काय?

हा केवळ शब्दांचा वाद आहे, असे कोणी म्हणेल. रसायनशास्त्राच्या इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. जॉन डाल्टन पाण्याच्या कणासही अणूच म्हणत, आणि त्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेक अणू आहे असे ते मानीत. गे-ल्युसॅक यांना १८०८ साली आढळले की, दोन आकारमाने हायड्रोजन व एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमाने वाफ होते. सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखी धरली, तर ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांना पुरला पाहिजे. पण अविभाज्य अणू दुभंगावा कसा? ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये उत्तर दिले : दुभंगतो तो अणू नव्हे, दोन अणूंचा रेणू. हा भेद जवळजवळ ५० वर्षे दुर्लक्षित राहिला. परिणाम असा की, केकुले यांच्या १८६१ च्या ग्रंथात एकट्या ॲसेटिक अम्लाची १९ सूत्रे नोंदलेली आहेत. १८६० मध्ये कार्ल्सरूए येथील परिषदेत कानिझारो यांनी ॲव्होगाड्रोंचा विचार पुन्हा मांडला, तेव्हा कोठे वाट मोकळी होऊ लागली.

यावर उपाय म्हणून मराठीने आपली रूढ नावे टाकावी काय? तसे करणे हिताचे नाही. जुन्या पुस्तकातील अणू एक आणि नव्यातील दुसरा, असा नवाच गोंधळ मराठीतही शिरेल. त्यापेक्षा प्रत्येक मराठी पुस्तकाने प्रथमोल्लेखीच हिंदी पर्याय सांगावा, आणि शिक्षकाने नावाआधी वस्तू समजावावी. हायड्रोजन व ऑक्सिजन नुसते एकत्र केले तर ते मिश्रणच राहते. ठिणगी पडताच दोघांचे रेणू भंगतात, अणूंची नवी जुळणी होते आणि पाणी हे संयुग निर्माण होते. त्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो.

हे ज्याला उमगले, तो कोणत्याही भाषेतील पुस्तक निर्धास्तपणे उघडील. ज्याने केवळ नावे घोकली, त्याला मात्र शेजारच्या भाषेतील ओळखीचा शब्दच चकवील.