ओळख म्हणजे वशिला नव्हे

नोकरी गेली की अनेक जण स्वतःला घरात कोंडून घेतात. लग्नकार्ये टाळतात, जुन्या सहकाऱ्यांचे फोन उचलत नाहीत. ‘सध्या काय चाललंय?’ या साध्या प्रश्नाचीही धास्ती वाटते. त्यात कुणाकडे शब्द टाकणे म्हणजे वशिला लावणे, हा आपल्याकडचा पक्का समज. या संकोचाची किंमत मात्र मोठी असते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्यांची पाहणी केली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होई. जिवलगांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते; नवी माहिती दूरच्या वर्तुळातून येते. नेमकी हीच माणसे आपण लाजेपोटी टाळतो.

नकाराची भीती खोटी नाही. २००३ मधील एका प्रयोगात संगणकावरील चेंडूच्या खेळातून काहींना मुद्दाम वगळण्यात आले. तेव्हा त्यांच्या मेंदूत सक्रिय झालेला एक भाग शारीरिक वेदनेतही सक्रिय होतो. त्यामुळे नकार लागला, तर तो मनाचा दुबळेपणा मानू नये.

हे दुखणे दाबून न ठेवता मोकळे करणे हिताचे. कामावरून कमी केलेल्या व्यावसायिकांवरील १९९४ च्या अभ्यासात, नोकरी जाण्याबद्दलच्या भावना काही दिवस मनमोकळेपणे लिहून काढणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. त्यांनी जास्त अर्ज केले होते असे नाही. राग निवल्याने मुलाखतीत कडवटपणा डोकावला नसावा.

म्हणून आधी वहीत लिहावे, मग फोन करावा. ‘नोकरी द्या’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्या क्षेत्रात सध्या कोणत्या कामाला माणसे हवी आहेत?’ असे विचारावे. वशिल्यात पात्रता डावलली जाते. इथे फक्त माहिती विचारलेली असते. उत्तर ‘माहीत नाही’ आले, तरी आभार मानून पुढचा क्रमांक फिरवावा. झोप, भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, तर डॉक्टरांशी बोलण्यातही संकोच नको.