घाट चढावा गिअरने

फ्रान्समधली सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शर्यतच येते. पण सेंत-एतिएन शहराबाहेरचा एक घाट हौशी भटक्यांना अधिक प्रिय. पिला डोंगरातल्या उंच सूचिपर्णी झाडांच्या सावलीतून हा रस्ता ११६१ मीटरवरच्या 'कोल द ला रेपुब्लिक' या खिंडीत पोहोचतो. तिचे दुसरे नाव 'ग्रां ब्वा', म्हणजे मोठे वन.

याच चढावर पॉल द विवी ऊर्फ वेलोसिओ (१८५३–१९३०) हा गृहस्थ निरनिराळे गिअर लावून पाहत असे. सायकलीला वाहिलेले नियतकालिकही त्याने १८८७ साली काढले. चढाला हलका गिअर, सपाटीला जड, ही आज शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट तेव्हा कमीपणाची मानली जाई. 'तूर द फ्रान्स'चे जनक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी! (मग बिघडले कुठे, असे आमच्या वयाची मंडळी विचारतील.)

शाकाहारी वेलोसिओची शिकवण आजीच्या तोंडी शोभावी अशी: भूक लागण्यापूर्वी खा, तहान लागण्यापूर्वी प्या, थकून पडण्याआधी थांबा आणि केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नका. चढावर घसा कोरडा पडेपर्यंत उशीर झालेला असतो, हे सह्याद्रीत सायकल घालणाऱ्यांनाही पटेल.

खिंडीत त्याचे स्मारक आहे. 'तूर द फ्रान्स' पहिल्याच वर्षी, १९०३ मध्ये, इथून गेली. पण त्या शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला मुभा मिळायला १९३७ उजाडले. वेलोसिओला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.