दुसऱ्या आसनावरचा

१९६५च्या युद्धाची आठवण निघाली की पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर आठवतात, पाकिस्तानी सेबर पाडणारी चिमुकली नॅट विमानं आठवतात. गणपतीच्या देखाव्यांतही रणगाडा ठरलेला. अंधारात बॉम्ब घेऊन जाणारं कॅनबेरा कुणी उभं केल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर हे विमान आपल्या भागाला परकं नव्हे. पुण्याचं लोहगाव हा त्याचा मोठा तळ होता. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ला, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला १२ कॅनबेरा इथूनच उडाली होती.

 १९६५ साली २१ सप्टेंबरला, रात्रीच्या अंधारात, बॉम्बफेक करून परतणारं एक कॅनबेरा पाकिस्तानी स्टारफायटरच्या क्षेपणास्त्राने पाडलं. युद्धविराम दोन दिवसांवर आला होता. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट एम. एम. लोवे इजेक्शन सीटच्या जोरावर बाहेर फेकले गेले, पकडले गेले, पण वाचले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर विमानाबरोबरच गेले.

हे नशिबावर सोडून देता येत नाही. भारताने घेतलेल्या बी(आय)५८ जातीच्या कॅनबेरात वैमानिक वर, डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसे. नॅव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात. तिथे नकाशे पसरायचे, वेळेचा आणि वाऱ्याचा हिशेब करायचा आणि लक्ष्य जवळ आलं की पालथं पडून पुढच्या काचेतून नेम धरायचा. इजेक्शन सीट फक्त वैमानिकाला. नॅव्हिगेटरने पॅराशूट घेऊन बाजूच्या दारापर्यंत सरकत जायचं आणि उडी मारायची, असा सगळा भरवसा. जळत्या, गिरक्या घेणाऱ्या विमानात! कॅनबेराच्या आधीच्या बॉम्बफेकी आवृत्त्यांत नॅव्हिगेटरलाही इजेक्शन सीट होती, हे कळल्यावर तर जास्तच टोचतं.

तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात ज्यांची हयात गाड्यांच्या सुट्या भागांत जाते, त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची, नव्या मॉडेलांपुरती, १ एप्रिल २०२१ला. जागा, वजन, खर्च ही कारणं खोटी नसतात. पण आधी कोणाला वाचवायचं, हे अपघाताच्या क्षणी ठरत नाही. ते आराखड्याच्या कागदावर, निवांत बसून, बरंच आधी ठरलेलं असतं.

कपूर यांना आपण कसल्या आसनावर बसतोय याची पुरती कल्पना असणार. दार कुठे आणि आपण कुठे, हे प्रत्येक नॅव्हिगेटर जाणून होता. तरीही त्या युद्धात ही विमानं रात्रीमागून रात्री निघत राहिली, आणि नाकातली जागा कधी रिकामी राहिली नाही. शौर्य म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे विमानाचा दांडा धरलेला हात येतो. पालथं पडून, टॉर्चच्या उजेडात आकडेमोड करणाराही तितक्याच मानाचा मानकरी आहे.

कॅनबेरा ११ मे २००७ला हवाई दलातून निवृत्त झालं. तळेगावच्या शाळांत युद्धाच्या गोष्टी सांगताना त्याचा एक उभा छेद फळ्यावर काढावा, दोन्ही आसनं दाखवावीत आणि लोवे यांच्या नावाखाली कपूर हे नावही लिहावं.